जाड पुस्तक घेण्याआधी

गिरीज, वसई

प्रिय बाय,



तुला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं तुझ्या आईने कळवलं. फार आनंद झाला. त्याच फोनवर तिने सांगितलं, की कॉलेज सुरू व्हायला अवकाश आहे तोवर तू ॲनाटॉमीचे जाडजूड खंड मागवायला निघाली आहेस, एमबीबीएसची मुलं वाचतात ते. तो बेत सोड. ते खंड तुझ्यासाठी लिहिलेले नाहीत. एकटीने उघडलेस तर दहाव्या पानावर झोप येईल आणि विसाव्या पानावर वाटेल, हे आपलं काम नव्हे. ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी या दोन विषयांना घाबरलेल्या मुली मी नोकरीभर शिकवल्या. हुशारीत त्या क्वचितच कमी पडल्या. पहिल्या महिन्यात त्यांच्या ओळखीचं असं काहीच समोर येत नव्हतं, एवढंच.

आधी वेळेचा हिशोब बघ. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात अप्लाइड ॲनाटॉमी आणि अप्लाइड फिजिऑलॉजी येतात, वर्गातले तास प्रत्येकी ६०. त्यांच्या जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन. म्हणजे कवटीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं सगळं शरीर ६० तासांत उरकायचं. यात खोली फार नाही, वेग आहे. सोमवारी हाडं सुरू होतात आणि पुढच्या सोमवारी बाई स्नायूंवर पोचलेल्या असतात. म्हणून आधी तयारी करायची ती सगळा अभ्यास आधीच उरकून ठेवण्यासाठी नाही. वर्गात नाव कानावर पडताच ती जागा डोळ्यांपुढे यावी, एवढीच तयारी पुरे.

आणि 'अप्लाइड' हा शब्द शोभेला लावलेला नाही. कमरेत इंजेक्शन देताना नितंबाचे मनातल्या मनात चार भाग करायचे आणि वरचा बाहेरचा भाग धरायचा, कारण आतल्या-खालच्या बाजूने सायटिक नर्व्ह जाते, शरीरातली सगळ्यात जाड नस. सुई तिच्यात गेली तर माणसाचं पाऊल लुळं पडू शकतं. राइल्स ट्यूब घालण्याआधी ती नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत धरून मोजतात. ते माप म्हणजे जठरापर्यंतचा रस्ता. बाईचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर, पुरुषाचा १८ ते २०. कॅथेटर घालणाऱ्या हाताला हा फरक पाठ असावा लागतो. पोटॅशियम पेशीच्या आत १४०च्या आसपास आणि बाहेर रक्तात जेमतेम ४, या तफावतीवर हृदयाची विजेची सगळी व्यवस्था चालते. म्हणून पोटॅशियम क्लोराइडची कुपी कधीही सरळ शिरेत ढकलायची नसते. हृदय जागच्या जागी थांबतं. नर्सला हे विषय परीक्षेपुरते लागत नाहीत गं.

वाचायचंच असेल तर तुझी अकरावी-बारावीची बायॉलॉजीची पुस्तकं काढ. रद्दीत दिली असशील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. अकरावीतले प्राण्यांच्या ऊती, मानवी पोषण, उत्सर्जन, सांगाडा आणि हालचाल हे धडे, आणि बारावीतले श्वसन-अभिसरण आणि नियंत्रण-समन्वय. सीईटीसाठी तू ते पर्याय निवडायच्या घाईत वाचले असणार. आता सावकाश वाच. एवढं पक्कं झालं तर पहिल्या सत्राचा पाया झालाच. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात रॉस अँड विल्सनचं पुस्तक मिळेल. १९६३ साली पहिल्यांदा निघालेलं ते पुस्तक दोन नर्सबाईंनी नर्सिंगच्या मुलींसाठी लिहिलं, आणि ते वाचताना कळतं की लिहिणाऱ्यांनी वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आहेत. जुनी आवृत्तीही चालेल. शरीर काही दर आवृत्तीला बदलत नाही.

पण वाचन रोज तासभरच. बाकीचा वेळ हाताने शिक.

सुरुवात स्वतःच्या अंगापासून कर. गळ्याखालच्या खळगीत बोट ठेव आणि छातीच्या हाडावरून सरळ खाली आण. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवी धार लागेल. त्या धारेच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. इथून मोजत खाली गेलीस की चौथी फट, पाचवी फट सापडतात. ईसीजीच्या चकत्या याच मोजणीवर लावतात, आणि डाव्या बाजूला पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर, हृदयाच्या टोकाचा ठोका लागतो. तिथे तळहात ठेवून बघ. मग खांद्याचं टोक, कोपराची तीन हाडं, कमरेचा पुढचा उंचवटा, गुडघ्याची वाटी, घोट्याची दोन टोकं. प्रौढ माणसाची २०६ हाडं. त्यातली निम्मी तरी हाताने चाचपता येतात. दर हाडाचं नाव मोठ्याने घे. तुझी आजी तुला येडी म्हणेल, म्हणू दे. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवसापासून पाळ: उजवं म्हणजे समोरच्या माणसाचं उजवं. चित्रात तुझ्या डाव्या हाताला दिसतं ते त्याचं उजवं असतं. ही सवय लागायला वेळ जातो, म्हणून आत्ताच लाव.

मग पप्पांचा हात मागून घे. वाडीत राबलेल्या माणसाच्या हातावरच्या शिरा अशा वर आलेल्या असतात की त्यावर धडा घ्यावा. कोपराच्या वर रुमाल बांध, फार करकचून नको, आणि दोन-तीन मिनिटांत सोड. शिरांवर जागोजागी गाठींसारखे फुगवटे दिसतील. त्या झडपा. एका झडपेच्या खालच्या बाजूला शीर बोटाने दाबून धर आणि दुसऱ्या बोटाने रक्त खांद्याच्या दिशेने पुढच्या झडपेपलीकडे सरकव. मधला तुकडा रिकामा राहतो. वरून रक्त परत येत नाही. दाबलेलं बोट उचललंस की खालून भरतो. विल्यम हार्वेने १६२८ साली छापलेल्या पुस्तकात हाच प्रयोग चित्रांसह दिला आहे. तोवर युरोपात समजूत अशी, की यकृतात रक्त सतत नवं तयार होतं आणि अवयव ते खाऊन टाकतात. हार्वेने साधा गुणाकार केला. आजच्या आकड्यांनी तूही कर: एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे ५ लिटर. अंगात रक्त सगळं मिळून ५ लिटरच्या आसपास. दर मिनिटाला एवढं नवं रक्त बनवायला माणसाने खायचं तरी किती? तेव्हा तेच रक्त फिरत असणार. फिजिऑलॉजीत पाठांतरापेक्षा असा विचार जास्त लागतो.

पावसाने उघडीप दिली की आपल्या डोंगरीवर चढ. वज्रगडाच्या त्या वाटेने दत्तमंदिरापर्यंत जाताना लोक आपापल्या देवाचं नाव घेतात, तू मनगटावर बोट ठेव. पायथ्याशी नाडी मोज, श्वास मोज. वर पोचताच पुन्हा मोज, आणि मग बसून दर मिनिटाला मोजत राहा. नाडी उतरते, श्वास उतरतो, घाम सुकतो, आणि शरीराचं तापमान ३७ अंशांच्या जवळपास येऊन थांबतं. आतली स्थिती जागेवर आणायची ही जी खटपट शरीर सतत करतं, तिला अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने १९२०च्या दशकात होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. फिजिऑलॉजीचा कुठलाही धडा असो, मूत्रपिंडाचा की थायरॉइडचा, प्रश्न एकच विचारायचा: काय बिघडलं, कुणाला कळलं, आणि कुणी परत जागेवर आणलं? आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड लिटरच बाहेर सोडतात. बाकीचं परत घेतात. एवढा उपद्व्याप कशासाठी, हे तुला सांगता आलं की ते प्रकरण झालं.

स्वयंपाकघरातही बरंच काही होतं. आपल्याकडे व्हिनेगरची बाटली असतेच. तिच्यात कोंबडीच्या तंगडीचं हाड काही दिवस बुडवून ठेव. ते वाकायला लागेल, कारण त्यातलं कॅल्शियम विरघळून गेलं आणि कोलॅजेन तेवढं उरलं. अंडं व्हिनेगरमध्ये ठेवलंस तर कवच जातं आणि पातळ पडदा राहतो. ते अंडं साध्या पाण्यात ठेव, फुगेल. कडक मिठाच्या पाण्यात ठेव, आकसेल. मग आठव की सलाइनच्या बाटलीत एका लिटरला ९ ग्रॅमच मीठ का असतं, आणि शिरेत नुसतं शुद्ध पाणी दिलं तर तांबड्या पेशी का फुटतील. ऑस्मोसिसची व्याख्या वर्गात सगळ्यांनाच येते. फुगलेलं अंडं हातात घेतलेलीला ती वॉर्डातही आठवते.

आणि बकऱ्याचं हृदय. वसईतल्या होळी बाजारात मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेव: चिरू नको, वरच्या नळ्या छाटू नको. तो हसेल, पण देईल. घरी आणून आधी बाहेरून बघ, चरबीतून जाणाऱ्या हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या शोध. मग जाड भिंतीच्या नळीत, म्हणजे महाधमनीत, वरून पाणी ओत. आतल्या तीन पाकळ्या मिटतात आणि पाणी अडतं. हे एकदा पाहिलं की झडप म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. मग उभं काप. डाव्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा किती जाड आहे ते बोटाने चाचप. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलायचं असतं, डाव्याला साऱ्या अंगात. झडपांना धरून ठेवणारे पांढरे दोरे दिसतील, ओढून बघ, किती चिवट आहेत. नाताळला सोरपोतेलसाठी डुकराचं हृदय घरात येईल तेव्हा तेही बघून ठेव. ते माणसाच्या हृदयाच्या बरंच जवळचं, आणि डुकराच्या झडपा माणसाला बसवतात हे तुला पुढे कार्डिॲक वॉर्डात दिसेलच. पायाच्या सांध्यावरची चकचकीत कूर्चा, गुर्द्याचे उभे काप, फुप्फुसाचा स्पंजासारखा तुकडा पाण्यावर तरंगतो तो, सगळं बघ. नंतर खुशाल शिजव.

मात्र बकरा म्हणजे माणूस नव्हे. गॅलेन हा रोमन काळातला मोठा वैद्य याच गोष्टीत फसला. माकडं, डुकरं, बैल फाडून त्याने माणसाचं शरीर लिहिलं. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांची एक अद्भुत जाळी असते, असं त्याने सांगितलं. ती बकऱ्यात, बैलात असते, माणसात नाही. खालचा जबडा दोन हाडांचा असतो असंही तो म्हणाला. तेराशे वर्षं लोकांनी ते मानलं. १५४३ साली व्हेसेलियसने प्रेतं स्वतः उघडून पाहिली आणि छापून सांगितलं की तसं नाही. तुझ्या कापलेल्या गुर्द्यातही तो फरक दिसेल: बकऱ्यात आतला भाग एकाच कण्यासारखा जुळलेला असतो, माणसाच्या मूत्रपिंडात आठ-दहा किंवा त्याहून जास्त वेगळे पिरॅमिड असतात. तेव्हा कापायचं, पण शेजारी पुस्तकातलं माणसाचं चित्र उघडं ठेवायचं.

चित्रावरून एका माणसाबद्दल लिहायलाच हवं. तू मोबाइलवर बघतेस त्या 'ग्रेज ॲनाटॉमी' मालिकेचं नाव ज्या पुस्तकावरून आलं, ते १८५८ साली लंडनमध्ये निघालं. मजकूर हेन्री ग्रे याचा. पण पुस्तक चाललं ते बरंचसं चित्रांमुळे, आणि ती काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टर याने. चित्रकाराचा मुलगा, शिकलेला डॉक्टर, वय पंचविशीचं. दोघांनी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात दीड वर्ष शवविच्छेदन केलं. कार्टर समोरचं पाहून काढी, आणि साडेतीनशेहून जास्त आकृत्या त्याने केल्या. त्याआधीच्या पुस्तकांत आकृतीवर अ, ब, क नाहीतर आकडे असत आणि अर्थ शोधायला डोळा तळटिपेत जाई. कार्टरने नाव त्या त्या नसेवर, त्या त्या हाडावरच लिहिलं. स्नायू वळला की अक्षरंही वळली. एवढ्याशा बदलाने विद्यार्थ्यांचा निम्मा त्रास गेला.

पुस्तक बाजारात येण्याआधीच कार्टर बोटीत बसून मुंबईला आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात, म्हणजे भायखळ्याच्या आपल्या जे.जे.च्या आवारात, त्याने ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी शिकवली. तुला जे दोन विषय आहेत ना, तेच. पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, कुष्ठरोगावर आणि मदुरा फूटवर त्याने काम केलं, मुंबईतल्या उलटून येणाऱ्या तापाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली शोधले, आणि शेवटी त्याच कॉलेजचा प्रमुख होऊन १८८८ मध्ये मायदेशी गेला. पुस्तकावर ग्रेला दर हजार प्रतींमागे पैसे मिळायचे ठरलं होतं. कार्टरला एकरकमी दीडशे पौंड देऊन मोकळं केलं. शीर्षकपानाच्या मुद्रितावर त्याचं नाव ग्रेच्या नावाएवढंच मोठं होतं, ते ग्रेने लहान करायला लावलं. नाव ग्रेचं राहिलं. ग्रे तर देवीच्या रोगाने १८६१ सालीच गेला, चौतिशीत. मला विचारशील तर ते पुस्तक कार्टरचं.

तू त्याच्यासारखं कर. कोरी, बिनरेघांची वही घे. हृदय पाहिलंस की पुस्तक मिटून वहीत आठवेल तसं काढ, वेडंवाकडं का असेना. नावं अवयवावरच लिही. मग पुस्तक उघडून लाल पेनाने चुका दुरुस्त कर. दोन दिवसांनी तेच पुन्हा, न बघता. पुस्तकातल्या ओळी पिवळ्या रंगाने रंगवण्यात मुली तासन्‌तास घालवतात. त्याने पुस्तक सुंदर होतं, बाकी काही होत नाही.

दहावीपर्यंत तू मराठी माध्यमात शिकलीस याची धास्ती नको. ही नावं लॅटिन-ग्रीक, इंग्रजी शाळेतल्या मुलींनाही ती तितकीच परकी. तुकडे ओळखायला शीक: मागे आयटिस असलं की दाह; हेपाट म्हणजे यकृत, नेफ्र म्हणजे मूत्रपिंड, ऑस्टिओ म्हणजे हाड, टॅकी जलद, ब्रॅडी मंद. असे तीस-चाळीस तुकडे आले की शेकडो शब्द आपोआप सुटतात. फक्त जुळ्यांपासून सावध. इलियम नावाचं एक कमरेचं हाड आहे आणि त्याच उच्चाराचा लहान आतड्याचा शेवटचा भागही आहे, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. हायपो आणि हायपर तर रात्री तीन वाजता फोनवर एकसारखेच ऐकू येतात. साखर कमी की जास्त, हे तेव्हा पूर्ण शब्दांत विचारायचं.

शवविच्छेदनाच्या हॉलची भीती तुझ्या आईला आहे, तुला असेल असं वाटत नाही. नर्सिंगच्या मुलींना बहुधा आधीच कापून ठेवलेले भाग दाखवतात. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात. सकाळी न्याहारी करून जा, चक्कर आली तर सांगून बाजूला बस, त्यात लाज नाही. सुश्रुताने तर देह गवतात गुंडाळून पिंजऱ्यासकट वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायला आणि मग वाळ्याच्या, बांबूच्या कुंच्यांनी एकेक थर घासत बघायला सांगितलं होतं. त्या मानाने तुझं बरंच सुखाचं. टेबलावरचा देह कुणीतरी दान केलेला असतो, नाहीतर ज्याला न्यायला कुणी आलं नाही अशा माणसाचा, १९४९च्या ॲनाटॉमी कायद्याने कॉलेजकडे आलेला. मोबाइल बाहेर ठेव, हसणं-खिदळणं बाहेर ठेव. एवढं वागलीस तर तिथले शिपाईदेखील तुला मान देतील.

वर्गात एखादी गोष्ट समजली नाही तर त्याच दिवशी बाईंना विचार, आठवड्यावर टाकू नकोस. चारचौघींत विचारायची लाज वाटली तर मला फोन कर. मी रात्री दहापर्यंत जागी असते.

तुझी,
मावशी